मिट रॉम्नी आणि आरोग्य विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील आरोग्य विम्याविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतले बरेचसे या ना त्या वाटेने मिट रॉम्नी यांच्यापाशी येऊन थांबतात. ते प्रश्न येथे शक्यतो वाचकांच्याच शब्दांत घेतले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मिट रॉम्नी नेमके कोण, आणि आरोग्य धोरणात त्यांचे नाव एवढे का घेतले जाते?

रॉम्नी हे रिपब्लिकन पक्षाचे नेते. गुंतवणूक व्यवसायात नाव कमावल्यानंतर १९९४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समधून डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर टेड केनेडी यांच्याविरुद्ध सिनेटची निवडणूक लढवली आणि ते हरले. पुढे जानेवारी २००३ ते जानेवारी २००७ या काळात ते त्याच राज्याचे गव्हर्नर होते. अमेरिकेतील गव्हर्नर थेट लोकांकडून निवडून येतो आणि राज्याचा कारभार तोच चालवतो, त्यामुळे आपल्याकडच्या राज्यपालाशी त्याची तुलना करू नये. २०१२ मध्ये ते बराक ओबामा यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाचे उमेदवार होते, आणि २०१९ ते २०२५ या काळात युटा राज्याचे सिनेटर.

त्यांचे नाव घेतले जाते ते एका विलक्षण पेचामुळे. २००६ मध्ये त्यांनी ज्या राज्य कायद्यावर सही केली, त्याच आराखड्यावर २०१० चा संघीय कायदा, म्हणजे ज्याला सर्वजण ओबामाकेअर म्हणतात तो, उभा राहिला. आणि २०१२ च्या प्रचारात रॉम्नी तोच संघीय कायदा रद्द करण्याचे आश्वासन देत फिरत होते. त्यांनी केवळ मतांसाठी कोलांटउडी मारली, की त्यामागे काही तत्त्व होते, हा या पानावरील बहुतेक प्रश्नांचा गाभा आहे. माझे मत असे की तत्त्व होते आणि ते खरे होते, मात्र जेथे पैशाचा प्रश्न येतो तेथे ते तत्त्व तोकडे पडते. त्याची कारणे पुढे येतील.

२. २००६ च्या मॅसॅच्युसेट्स कायद्यात काय होते?

१२ एप्रिल २००६ रोजी बॉस्टनच्या ऐतिहासिक फॅन्युइल हॉलमध्ये रॉम्नी यांनी या कायद्यावर सही केली, तेव्हा त्यांचे जुने प्रतिस्पर्धी केनेडी मंचावर उपस्थित होते. विधिमंडळात तो प्रतिनिधीगृहात १५४ विरुद्ध २ आणि राज्य सिनेटमध्ये ३७ विरुद्ध ० मतांनी संमत झाला होता.

कायद्याची रचना तीन दगडांच्या चुलीसारखी होती, एक दगड काढला तर भांडे टिकणार नाही अशी. विमा कंपनीने आजारी माणसाला नाकारायचे नाही, हा पहिला दगड. तो या राज्यात १९९६ पासूनच होता. परवडत असेल तर प्रत्येक प्रौढ रहिवाशाने विमा घेतलाच पाहिजे, हा दुसरा. ज्यांना परवडत नाही त्यांना सरकारने हप्त्यासाठी अनुदान द्यायचे, हा तिसरा. हे अनुदान संघीय दारिद्र्यरेषेच्या ३०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी होते. ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही त्यांना वेगवेगळ्या योजना एका ठिकाणी पाहून निवडता याव्यात म्हणून ‘कनेक्टर’ नावाची विमा बाजारपेठ स्थापन झाली. दहापेक्षा जास्त कामगार असूनही विम्याला हातभार न लावणाऱ्या मालकांवर दर कामगारामागे वर्षाला २९५ डॉलरची आकारणी ठेवली होती. तिच्याबाबत रॉम्नी यांची भूमिका प्रश्न ४ मध्ये आहे.

सक्ती १ जुलै २००७ पासून लागू झाली. पहिल्या वर्षी विमा नसलेल्याला राज्य आयकरातील वैयक्तिक सवलत, म्हणजे २१९ डॉलर, गमवावी लागे. २००८ मध्ये दंड वर्षाला ९१२ डॉलरपर्यंत गेला.

३. सरकारी हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या नेत्याने विम्याची सक्ती कशी मान्य केली? हे उजव्या विचारांच्या विरुद्ध नाही का?

आज तसे वाटते, पण २००६ मध्ये तसे नव्हते. वैयक्तिक सक्तीची कल्पना अमेरिकेतील उजव्या वर्तुळातच वाढली. हेरिटेज फाउंडेशन या परंपरावादी संस्थेचे स्टुअर्ट बटलर यांनी ती १९८९ मध्ये मांडली. १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आरोग्य विमा योजनेला पर्याय म्हणून रिपब्लिकन सिनेटर जॉन चेफी यांनी जे विधेयक आणले, त्यातही ती होती. मॅसॅच्युसेट्सच्या विमा बाजारपेठेच्या आखणीत हेरिटेजच्या अभ्यासकांची मदत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये लास व्हेगसच्या वादसभेत पक्षातील प्रतिस्पर्धी उमेदवार न्यूट गिंगरिच यांनी सक्तीवर टीका केली, तेव्हा रॉम्नी यांनी त्यांना तोंडावर सुनावले की ही कल्पना आम्ही तुमच्याकडून आणि हेरिटेजकडूनच घेतली.

रॉम्नी यांचा मूळ युक्तिवाद जबाबदारीचा होता. रेगन यांच्या काळात १९८६ मध्ये झालेल्या संघीय कायद्यानुसार रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षात आलेल्या माणसाला, त्याच्याकडे पैसे किंवा विमा असो वा नसो, तपासून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यावेच लागतात. त्या उपचारांचे बिल शेवटी विमाधारकांच्या हप्त्यांतून आणि करदात्यांच्या खिशातून भरले जाते, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तर अशा बुडीत खर्चासाठी स्वतंत्र निधीच होता. तेव्हा ज्याला हप्ता परवडतो तरीही जो विमा घेत नाही, तो आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतो आणि त्याचा भार शेजाऱ्यावर टाकतो, असे रॉम्नी म्हणत. या दृष्टीने पाहिले तर सक्ती ही स्वतःचा खर्च स्वतः उचलण्याची अट ठरते, आणि अशी अट उजव्या विचाराला परकी नाही.

येथे एक बारकावा सहसा निसटतो. रॉम्नी यांच्या मूळ प्रस्तावात विमा नको असणाऱ्याला दुसरी वाट ठेवलेली होती: आपल्या उपचारांचा खर्च आपण देऊ शकतो याची हमी म्हणून त्याने दहा हजार डॉलरचे तारण ठेवावे. अंतिम कायद्यात ती वाट राहिली नाही. मूळ प्रस्ताव वाचला की त्यांना सर्वांना विमा पोचवण्यापेक्षा बिल कोण भरणार याची चिंता अधिक होती असे दिसते, आणि त्यांची पुढची अनेक मते याच चिंतेतून आलेली आहेत.

४. कायदा खरोखर रॉम्नींचा होता, की डेमोक्रॅटिक विधिमंडळाचा?

दोघांचा, आणि त्या दोघांशिवाय वॉशिंग्टनचाही. राज्याला मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या, विशेष सवलतीखाली वर्षाला सुमारे ३८ कोटी ५० लाख डॉलर मिळत असत, आणि ते गरिबांवर मोफत उपचार करणाऱ्या रुग्णालयांकडे जात. बुश प्रशासनाने हा पैसा थांबवण्याचा इशारा दिला. जानेवारी २००५ मध्ये रॉम्नी आणि केनेडी यांनी मिळून प्रशासनाशी तडजोड केली की तोच पैसा रुग्णालयांऐवजी माणसांचा विमा उतरवण्यासाठी वापरू. पैसा गमावण्याची ती टांगती तलवार नसती, तर हा कायदा त्या काळात झाला असता असे मला वाटत नाही.

विधिमंडळातील सुमारे ८५ टक्के सदस्य डेमोक्रॅट होते. रॉम्नी यांनी कायद्यातील आठ कलमांवर नकाराधिकार वापरला. त्यांत मालकांवरील २९५ डॉलरची आकारणी आणि मेडिकेडमधील प्रौढांसाठीची दंतोपचाराची तरतूद होती. विधिमंडळाने त्यांचे नकार बहुमताने फिरवले. म्हणून ‘रॉम्नीकेअर’ या नावाखाली आज ओळखल्या जाणाऱ्या काही गोष्टींना खुद्द रॉम्नी यांचा विरोध होता. शिवाय जानेवारी २००७ मध्ये ते पदावरून गेले, आणि सक्तीपासून अनुदानापर्यंतची बहुतेक अंमलबजावणी त्यांचे डेमोक्रॅट उत्तराधिकारी डेव्हल पॅट्रिक यांनी केली.

५. तो कायदा यशस्वी झाला का?

ज्यासाठी केला त्यात झाला. काही वर्षांतच विमा नसलेल्यांचे प्रमाण मॅसॅच्युसेट्समध्ये देशात सर्वांत कमी झाले आणि ते तसेच टिकले. २०१४ मध्ये बेंजामिन सोमर्स, शेरॉन लाँग आणि कॅथरीन बायकर या संशोधकांनी राज्यातील काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांची, इतरत्रच्या तशाच काउंट्यांशी तुलना केली, तेव्हा प्रौढांमधील मृत्यूदर २.९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. विमा मिळालेल्या दर ८३० प्रौढांमागे वर्षाला एक मृत्यू टळला, असा त्यांचा हिशेब होता. विम्याचा कागद आणि माणसाचे आयुष्य यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे दाखवणारे अभ्यास फार थोडे आहेत, आणि हे श्रेय रॉम्नी यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

खर्च मात्र आटोक्यात आला नाही. राज्यातील विम्याचे हप्ते आधीही देशातील सर्वांत महागांत होते आणि नंतरही राहिले. खर्चवाढीवर मर्यादा घालणारा वेगळा कायदा पॅट्रिक यांच्या काळात ऑगस्ट २०१२ मध्ये करावा लागला.

६. रॉम्नीकेअर आणि ओबामाकेअर यांत फरक तरी काय आहे?

सांगाडा एकच आहे: आजारी माणसाला नाकारायचे नाही, सक्ती, अनुदान, विमा बाजारपेठ. एमआयटीचे अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर यांनी दोन्ही वेळी आकडेमोड करून दिली होती.

फरक आहेत ते व्याप्तीचे आणि पैशाच्या वाटेचे. संघीय कायद्याने अनुदान दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंत नेले, मेडिकेडची व्याप्ती वाढवली, पन्नास किंवा अधिक पूर्णवेळ कामगार असलेल्या मालकांवर दंडाची तरतूद केली, आणि खर्च भागवण्यासाठी नवे कर लावून मेडिकेअरची, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी योजनेची, देणी कमी केली. मॅसॅच्युसेट्सने रुग्णालयांकडे जाणारा संघीय पैसा वळवला, त्यामुळे रॉम्नी यांना कर वाढवावे लागले नाहीत. आम्ही कर न वाढवता हे केले, हे त्यांचे विधान अक्षरशः खरे आहे. पण तो वळवलेला पैसा इतर एकोणपन्नास राज्यांतील करदात्यांकडूनही आलेला होता, हे त्या विधानात येत नाही.

७. स्वतःच्या राज्यात सक्ती चालते आणि देशात चालत नाही, हे तत्त्व की सोय?

रॉम्नी यांचे उत्तर संविधानाच्या भाषेतले होते. दहाव्या घटनादुरुस्तीनुसार जे अधिकार संघाला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. राज्याला आपल्या रहिवाशांवर अशी सक्ती करण्याचा अधिकार आहे, वॉशिंग्टनला नाही, आणि प्रत्येक राज्याने आपला मार्ग शोधावा, असे ते म्हणत. १२ मे २०११ रोजी ॲन आर्बर येथे मिशिगन विद्यापीठात त्यांनी हे सविस्तर मांडले. पक्षातील अनेकांना त्यांनी राज्य कायद्याबद्दल माफी मागावी असे वाटत होते. ती मागण्यास त्यांनी स्वच्छ नकार दिला. त्याच सुमारास वॉल स्ट्रीट जर्नलने त्यांना अग्रलेखातून झोडपले, पुढच्या महिन्यात प्रतिस्पर्धी टिम पॉलेंटी यांनी दोन्ही कायद्यांची नावे जोडून ‘ओबाम्नीकेअर’ हा शब्द काढला, आणि तरीही ते हलले नाहीत. जो नेता केवळ सोय पाहतो तो अशा वेळी माफी मागून मोकळा होतो, म्हणून त्यांच्या भूमिकेत तत्त्व होते असे मी मानतो.

त्या तत्त्वाला वास्तवाचाही आधार होता. मॅसॅच्युसेट्समध्ये विमा नसलेले आधीपासूनच तुलनेने कमी होते, नोकरीतून विमा देणारे मालक पुष्कळ होते, बुडीत खर्चाचा निधी तयार होता आणि विमा कंपन्यांवरचे निर्बंध दहा वर्षांपूर्वीच घातले गेले होते. टेक्साससारख्या राज्यात यांतले फारसे काही नव्हते. तेथे त्या वर्षांत जवळपास चौथा हिस्सा लोक विम्याविना होते. एका राज्याचे माप दुसऱ्याला बसेलच असे नाही, हे रॉम्नी यांचे म्हणणे त्यामुळे पोकळ नव्हते.

पण हाच मुद्दा त्यांच्यावर उलटतो. ज्या राज्यात गरज सर्वांत मोठी, तेथेच राज्य सरकारची इच्छा आणि तिजोरी सर्वांत तोकडी असेल, तर ‘राज्यांनी ठरवावे’ या वाक्यात तेथल्या विमा नसलेल्या माणसासाठी काय आहे? शिवाय मॅसॅच्युसेट्सचा प्रयोग राज्याने एकट्याच्या बळावर केलेला नव्हता, त्याच्या मुळाशी वॉशिंग्टनचा पैसा होता (प्रश्न ४). सक्तीचा अधिकार राज्याचा आणि पैसा संघाचा, असे दोन्ही डगरींवर हात ठेवून संघराज्याचे तत्त्व सांगितले, तर ते अर्धेच सांगितले जाते. या प्रश्नाचे पुरेसे उत्तर रॉम्नी यांनी दिल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

८. त्यांनीच २००९ मध्ये ओबामांना हा मार्ग सुचवला होता, असे फिरणाऱ्या मजकुरात वाचले. खरे आहे का?

बऱ्याच अंशी. जुलै २००९ मध्ये, संघीय विधेयकावर चर्चा चालू असताना, त्यांनी यूएसए टुडे या दैनिकात लेख लिहून ओबामा यांनी घाई करू नये असे म्हटले. त्याच लेखात मॅसॅच्युसेट्सच्या अनुभवातून शिकावे असा सल्ला होता, आणि करातील दंड किंवा सवलतींमुळे लोक आपली जबाबदारी उचलतात, असेही नमूद होते. त्याआधी जानेवारी २००८ च्या एका वादसभेत सक्ती आपल्याला आवडते आणि ती कामी येते, असे ते उघडपणे म्हणाले होते. २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत हेच साऱ्या देशासाठी साध्य करता येईल अशा अर्थाचे वाक्य होते, आणि नंतरच्या कागदी बांधणीच्या आवृत्तीतून ते गेले.

लेखात त्यांनी ‘सर्व देशावर संघीय सक्ती लादा’ असे शब्दशः म्हटलेले नाही, आणि सरकारी विमा योजनेला त्यांचा विरोध तेव्हाही स्पष्ट होता. तरीही संघराज्याची रेषा त्यांनी २०११ मध्ये जितकी ठळक ओढली तितकी ती २००९ मध्ये नव्हती, हे तारखा समोर ठेवून वाचणाऱ्या कोणालाही दिसेल.

९. सक्तीचा दंड हा कर आहे की नाही, याबाबत त्यांचे मत काय होते?

२८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संघीय सक्ती ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवली. व्यापाराचे नियमन करण्याच्या संसदेच्या अधिकाराखाली ती टिकत नाही, पण कर म्हणून टिकते, असा सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचा निर्णय होता. त्यानंतर रॉम्नी यांचे सल्लागार एरिक फर्नस्ट्रॉम म्हणाले की उमेदवारांच्या मते तो दंड आहे, कर नव्हे. दोनच दिवसांनी, ४ जुलैला, रॉम्नी यांनी न्यायालयाने कर म्हटले म्हणजे तो करच असे सांगितले. अडचण उघड होती: तो कर असेल, तर मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांनीही करच लावला असे होते. राज्याला दंड लावण्याचा अधिकार असतो, म्हणून आपला तो दंडच, असे त्यांचे उत्तर होते. कायद्याच्या दृष्टीने ते टिकू शकते. प्रचारात मात्र त्याने गोंधळ वाढवला.

१०. ओबामाकेअर रद्द करून त्याजागी ते काय आणणार होते?

पहिल्याच दिवशी सर्व राज्यांना कायद्यातून सूट देणारा आदेश काढायचा आणि नंतर संसदेकडून कायदा रद्द करून घ्यायचा, असे त्यांचे आश्वासन होते. त्याजागी आणायच्या गोष्टींतील सर्वांत मोठी मेडिकेडची होती. गरिबांसाठीच्या या योजनेत खर्च वाढेल तसा संघाचा वाटाही वाढतो. रॉम्नी यांना त्याऐवजी प्रत्येक राज्याला ठरावीक रक्कम द्यायची होती, जी दरवर्षी महागाईच्या दराहून एक टक्का जास्त वाढेल, आणि ती कशी वापरायची हे राज्याने ठरवायचे होते. वैद्यकीय खर्च सहसा त्याहून वेगाने वाढतो, म्हणून वर्षे सरतील तशी तूट राज्यांच्या आणि शेवटी रुग्णांच्या गळ्यात पडली असती, असा आक्षेप घेतला गेला आणि तो मला रास्त वाटतो.

दुसरी सूचना करासंबंधीची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेतनावर नियंत्रण असल्याने मालकांनी विम्याच्या रूपाने मोबदला देण्यास सुरुवात केली, आणि १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला हप्ता करमुक्त असल्याचे पक्के केले. त्यामुळे अमेरिकेत विमा नोकरीला बांधला गेला. स्वतः विमा विकत घेणाऱ्यालाही तीच करसवलत मिळावी, असे रॉम्नी म्हणत. त्यांच्या साऱ्या आराखड्यात मला हा भाग सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो, कारण नोकरी गेली की विमा जातो या दुखण्याच्या मुळाशी तो जातो.

याशिवाय राज्याच्या सीमेपलीकडे विमाविक्रीला मुभा, आरोग्य बचत खात्यांना उत्तेजन आणि डॉक्टरांवरील दाव्यांत वेदना-मनस्तापाबद्दलच्या भरपाईला मर्यादा, या पक्षाच्या नेहमीच्या मागण्या होत्या.

११. आधीपासून आजार असलेल्यांना त्यांच्या योजनेत विमा मिळाला असता का?

ज्याचा विमा सलग चालू आहे त्याला मिळाला असता. इतरांबाबत हमी नव्हती.

सप्टेंबर २०१२ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्यांनी ओबामा कायद्यातील सर्व काही काढणार नाही, आधीचे आजार असलेल्यांना विमा मिळेल असे म्हटले, आणि ३ ऑक्टोबरच्या डेन्व्हर येथील वादसभेतही तसेच सांगितले. दोन्ही वेळा त्यांच्या प्रचारयंत्रणेने नंतर खुलासा केला की ही हमी सलग विमा असणाऱ्यांसाठी आहे. नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात असे संरक्षण १९९६ च्या संघीय कायद्याने बऱ्याच प्रमाणात आधीच दिलेले होते. खरा प्रश्न होता तो नोकरी गेल्यावर हप्ता न भरता आलेल्या आणि त्यामुळे खंड पडलेल्या माणसाचा. त्याच्यासाठी जास्त जोखमीच्या रुग्णांचे वेगळे विमा-गट राज्यांनी चालवावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

सक्ती काढून हमी ठेवणे का अवघड असते, हे रॉम्नी यांना इतर कोणत्याही उमेदवारापेक्षा जास्त ठाऊक होते. प्रश्न २ मधील पहिला दगड मॅसॅच्युसेट्सने १९९६ मध्ये एकटाच ठेवून पाहिला होता. निरोगी माणसे आजारी पडेपर्यंत थांबत, हप्ते चढत, आणि वैयक्तिक विम्याचा बाजार आक्रसत गेला. २०१२ मध्ये ही गोष्ट त्यांनी मतदारांना समजावून सांगायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

१२. आपत्कालीन कक्षाबद्दलचे त्यांचे विधान वादग्रस्त का ठरले?

सप्टेंबर २०१२ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात ते म्हणाले की विमा नसलेल्यालाही उपचार मिळतात. हृदयविकाराचा झटका आला तर माणूस घरात मरत पडत नाही, त्याला रुग्णवाहिकेतून रुग्णालयात नेतात. हे वस्तुतः खरे होते. पण हेच उपचार महागडे आणि इतरांवर भार टाकणारे आहेत, हा तर २००६ मध्ये त्यांच्या सक्तीचा पाया होता (प्रश्न ३). शिवाय आपत्कालीन कक्षात मधुमेहाची किंवा कर्करोगाची वर्षानुवर्षांची देखभाल होत नाही.

१३. मेडिकेअरबाबत त्यांची भूमिका काय होती, आणि ७१६ अब्ज डॉलरचे प्रकरण काय?

मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांची योजना आहे. त्या वेळी जे ५५ वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते त्यांच्यासाठी काहीही बदलू नये, आणि त्याहून तरुणांना पुढे ठरावीक रकमेचे साहाय्य देऊन खासगी योजना किंवा पारंपरिक मेडिकेअर यांतून निवड करू द्यावी, असे रॉम्नी आणि त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन यांचे म्हणणे होते. पात्रतेचे वयही हळूहळू वाढवावे, असे रॉम्नी सुचवत.

७१६ अब्ज डॉलर ही ओबामा कायद्यामुळे दहा वर्षांत मेडिकेअरच्या खर्चात होणारी घट होती, आणि ती मुख्यतः रुग्णालये व खासगी विमा कंपन्यांना द्यायच्या रकमांत होती. ओबामा यांनी वृद्धांचे पैसे पळवले, असा प्रचार रॉम्नी यांनी केला आणि ती कपात रद्द करण्याचे आश्वासन दिले. गंमत अशी नव्हे तर अडचण अशी होती की रायन यांच्या स्वतःच्या अर्थसंकल्पीय आराखड्यात तीच कपात कायम ठेवलेली होती. सरकारी खर्च कमी करू म्हणणाऱ्या उमेदवाराने याच कपातीला विरोध करावा, ही त्यांच्या प्रचारातील सर्वांत कमकुवत जागा होती.

१४. गर्भपात आणि संततिनियमनाबाबत त्यांचे धोरण बदलले का?

हो, आणि येथे बदल निर्विवाद आहे. १९९४ आणि २००२ च्या निवडणुकांत स्त्रियांचा निवडीचा अधिकार जपण्याचे आश्वासन त्यांनी दिले होते. मूलपेशी संशोधनावरील चर्चेनंतर आपले मत पालटले, असे ते सांगतात. २००५ मध्ये आपत्कालीन गर्भनिरोधकांसंबंधीच्या विधेयकावर त्यांनी नकाराधिकार वापरला आणि विधिमंडळाने तो फिरवला. मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, कायदेविषयक सल्ल्यानंतर, कॅथलिक रुग्णालयांनाही तो कायदा पाळावा लागेल असा निर्णय त्यांनी दिला, हे त्यांच्या दोन्ही बाजूंच्या टीकाकारांच्या लक्षात नसते.

राज्याच्या अनुदानित विम्यात गर्भपाताचा खर्च समाविष्ट होता, याचा दोष उजवे टीकाकार त्यांना देतात. त्यामागे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८१ चा निकाल होता.

१५. ओबामाकेअरचे श्रेय त्यांनी नंतर स्वतः घेतले, हे खरे का?

ऑक्टोबर २०१५ मध्ये स्टेपल्स कंपनीचे संस्थापक टॉम स्टेमबर्ग यांचे निधन झाले. गव्हर्नर झाल्यावर सर्वांना विमा देण्याचा आग्रह रॉम्नी यांच्याकडे धरणारे ते स्नेही. त्यांना श्रद्धांजली वाहताना रॉम्नी म्हणाले की टॉम नसते तर रॉम्नीकेअर झाले नसते, रॉम्नीकेअर नसते तर ओबामाकेअर झाले नसते, आणि म्हणून टॉम यांच्याविना पुष्कळांना विमा मिळाला नसता. त्यानंतर लगेच त्यांनी संघीय कायद्याला आपला विरोध कायम असल्याचे स्पष्ट केले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

१६. सिनेटर झाल्यावर त्यांनी काय केले? कायदा रद्द करण्याच्या बाजूने मत दिले का?

रद्द करण्याचा गाजलेला प्रयत्न जुलै २०१७ मध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला, तेव्हा ते सिनेटमध्ये नव्हते. त्यामुळे त्या मतदानाशी त्यांचे नाव जोडणारे संदेश चुकीचे आहेत. सिनेटमध्ये त्यांनी तंबाखूविक्रीसाठीचे वय २१ करण्याच्या द्विपक्षीय विधेयकात पुढाकार घेतला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये तसा संघीय कायदा झाला. मेडिकेअरसह संकटात येऊ घातलेल्या निधींसाठी दोन्ही पक्षांच्या समित्या नेमण्याचे विधेयक त्यांनी २०१९ मध्ये मांडले, पण ते संमत झाले नाही. मेडिकेअरला काही औषधांच्या किमतींबाबत वाटाघाटी करू देणाऱ्या २०२२ च्या कायद्याला सर्व रिपब्लिकन सिनेटरांप्रमाणे त्यांनीही विरोध केला.

१७. आम्ही बॉस्टनजवळ राहतो. संघीय सक्ती गेली असे ऐकले. मग आम्हाला विमा घ्यावाच लागतो का? आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले तर त्यांचे काय?

संघीय दंड २०१७ च्या करकायद्याने २०१९ पासून शून्यावर आणला. मॅसॅच्युसेट्सची सक्ती मात्र राज्य कायद्यातली आहे आणि ती चालूच आहे. राज्याच्या आयकर विवरणपत्रासोबत ‘शेड्यूल एचसी’ हा तक्ता भरावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा ‘१०९९-एचसी’ हा कागद विमा कंपनी किंवा मालक पाठवतो. व्हिसा कोणताही असला तरी तुम्ही करासाठी राज्याचे रहिवासी असाल, तर नियम तुम्हालाही लागू आहे. नोकरी बदलताना तीन महिन्यांपर्यंतचा खंड चालतो, आणि परवडण्याजोगी योजना उपलब्ध नसेल तर दंड होत नाही.

भेटीला आलेले आई-वडील राज्याचे रहिवासी ठरत नाहीत, म्हणून त्यांना सक्ती नाही. त्यांच्यासाठी घेतलेला प्रवासी विमा हा राज्याच्या किमान निकषांत बसणारा विमाही नव्हे, तेव्हा तो स्वतःसाठी पुरेसा समजू नये. आई-वडील ग्रीन कार्डावर कायमचे राहायला आले असतील, तर ते रहिवासी होतात. ६५ वर्षे पूर्ण झाली तरी मेडिकेअरसाठी त्यांना सहसा सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तोपर्यंत प्रश्न २ मध्ये उल्लेखलेल्या कनेक्टरवरून त्यांना योजना घेता येते, आणि रहिवासी झाल्यापासून ती शक्य तितक्या लवकर घ्यावी.